सेकंडहँड जिप्सी घेताना मी कसा फसलो

मागच्या वर्षी मे महिन्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डातून मारुतीची जिप्सी घेतली, १३०० सीसी पेट्रोल, ४ लाख ८० हजारांना. थार बजेटबाहेर होती आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून डोक्यात जिप्सीच होती, हलकी गाडी, पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा), पाट्यांच्या लीफ स्प्रिंग, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी, आणि हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलेलं.

टेस्ट ड्राइव्हला यार्डवाल्याने डांबरी रस्त्यावर लिव्हर फोर-एचला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय फोरला टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला. मग स्टिअरिंग पूर्ण कापून यू-टर्न मारला, गाडी अगदी मऊ वळली. "बघा साहेब, कुठे आवाज तरी आहे का?" मी खूश.

नेमकं तिथेच मी फसलो. जिप्सीला सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे फोर बाय फोर खरंच लागलं असेल तर कोरड्या डांबरावर घट्ट वळणात गाडी अडते, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. माझी गाडी अडली नाही, कारण पुढच्या चाकांना ताकद पोचतच नव्हती!! आणि तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सवरच्या) स्विचने लागतो, पुढे चाकापर्यंत काय पोचतंय ते त्याला कळत नाही.

जुलैत मुळशीच्या मागे एका चिखलाच्या चढावर अडकलो, बायको आणि ६ वर्षांची मुलगी गाडीत, अंधार पडायला आलेला, मागची चाकं खड्डा करतायत आणि पुढची ढिम्म. गावातल्या एका काकांनी ट्रॅक्टर आणून ओढलं, पैसे पण घेतले नाहीत. मुलीचं रडणं अजून आठवतं.

मिस्त्रीने पुढचे हब (चाकाच्या मधला भाग, तो हाताने लॉक केला की चाक अ‍ॅक्सलला जोडलं जातं) उघडले, बाहेरची फिरवायची चकती जागेवर, ती लॉकवर फिरतेही, पण आतली लॉक करणारी रिंगच काढलेली, दोन्ही बाजूंची. खाली चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, ताजा काळा कोट मारलेला, खरवडला तर स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ गंज आणि वर पत्रा वेल्ड केलेला. सगळं मिळून ६२ हजार गेले. यार्डवाला म्हणाला, कागदावर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, सही तुमचीच आहे. सही माझीच होती.

तुम्ही घेणार असाल तर जॅक सोबत न्या. मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद, पहिला गिअर, फोर-एच, हब लॉक, आणि पुढचं एकच चाक उचलून हाताने फिरवा. फिरलं तर गाडी सोडा, विकणारा काहीही सांगू दे. चेसिसला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, नव्या काळ्या रंगाखाली तर नक्कीच. हे सगळं सही करायच्या आधी, नंतर कोणी विचारत नाही.

परवा त्याच यार्डासमोरून गेलो, बाहेर अजून एक जिप्सी उभी होती, खाली ताजा काळा रंग, आणि एक कॉलेजचा पोरगा वडिलांना घेऊन ती बघत होता. मी गाडी बाजूला लावून त्यांच्याशी बोललो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.