महिनाभर उघड्यावर चित्रं काढायची आहेत: कच्छ, लडाख की माणदेश?

वाई-मेणवलीचे घाट, सासवडची देवळं, कोकणातली कौलारू घरं काढून हात बसला की जलरंगवाल्यांना कोरड्या मुलखाची ओढ लागते. हिरव्याचा कंटाळा येतो. मग चार मित्र जमतात, ‘रेसिडेन्सी करू या’, म्हणजे महिनाभर एका जागी राहून चित्रं काढू या, असं ठरतं आणि ग्रुपवर नावं पडायला लागतात: कच्छ, लडाख, आणि कुणीतरी जरा बिचकतच टाकलेलं माणदेश. एखाद्या संस्थेचं निमंत्रण असेल तर प्रश्नच मिटला. खोली आणि जेवण त्यांचं, बदल्यात एखादं चित्र नाहीतर प्रात्यक्षिक. मी धरून चाललोय ते पदरचे पैसे खर्चून, रंगांची पेटी आणि घडीचा ईझल (चित्राची घोडी) घेऊन निघालेल्यांना.

फोटो बघून ठरवू नका. सकाळ-संध्याकाळचा उजेड तिन्हीकडे भरपूर देतो. खरा सवाल दुपारचा आहे. ऊन डोक्यावर आलं की सावल्या पायाखाली जातात, टेकड्या सपाट दिसतात आणि आपण भाजून निघतो. दहा ते चार कुठे बसणार आणि काय काढणार, याचं उत्तर ज्या गावात आहे तिथेच महिना निघतो.

कच्छचं नाव निघालं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे धोरडोचं पांढरं रण येतं. दोन दिवस ते वेड लावतं, यात शंका नाही. पण तिथे झाड नाही, आडोसा नाही (बायकांनी हा मुद्दा आधी विचारात घ्यावा), आणि मिठावरून उजेड खालूनही येतो, त्यामुळे छत्री असून नसल्यासारखी. कागद जवळजवळ कोरा ठेवून खाली एक करडी रेघ ओढली की रण झालं. तिसऱ्या दिवसापासून आपण तेच चित्र पुन्हा काढत असतो. शिवाय रणोत्सवाच्या दिवसांत तंबूंचे दर बघून निम्मा ग्रुप गळतो.

मुक्काम बन्नीत, म्हणजे कच्छच्या गवताळ पट्ट्यात, होडकोसारख्या गावात करावा. तिथले भुंगे, म्हणजे जाड मातीच्या भिंतींची गोल घरं, वर गवताचं शाकारलेलं छप्पर, दुपारी आतून गार असतात. दारात बसलं की समोर अंगण, म्हशी, गांडो बावळची काटेरी झुडपं. आत लिंपणकामातल्या, म्हणजे भिंतीवरच्या मातीच्या नक्षीतल्या, आरशांवर येणारी तिरीप. दुपारची सोय झाली. काळा डुंगर कच्छमधली सगळ्यांत उंच जागा, ४६० मीटरच्या आसपास. वरून रण आणि आकाश यांची शिवण कुठे आहे ते कळत नाही. खावड्याहून धोलावीराला जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटर रणातूनच जातो, आणि पुढे २०२१ मध्ये जागतिक वारशात गेलेलं हडप्पाकालीन नगर. त्या दगडी पायऱ्या काढायला एक अख्खा आठवडा राखून ठेवावा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, ते आटून मीठ वर यायला वेळ लागतो. ऑक्टोबरात गेलात तर चिखल बघून याल. रणासाठी परवाना लागतो. आणि रंगांसाठी पाण्याचा कॅन विकत घ्या. तिथलं खारट पाणी वॉशमध्ये, म्हणजे रंगाच्या पातळ थरात, गेलं की आकाश सुकताना पांढरट ठिपके धरतं. एका चित्रात ते खुलून दिसेल, दहा चित्रांत नकोसं होईल.

लडाखची गोष्ट वेगळी. लेह ३,५०० मीटरवर. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पेटी उघडायची नाही. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे सगळं पार पडल्यावर चित्रकाराची खरी पंचाईत सुरू होते ती अंतराची. आपण शिकलेलो असतो की लांबचा डोंगर निळसर आणि फिका करायचा. लडाखच्या विरळ, कोरड्या हवेत वीस किलोमीटरवरचा डोंगर जवळच्याइतकाच ठळक आणि तपकिरी दिसतो. निळा टाकला की चित्र खोटं, नाही टाकला की सगळं एका पातळीवर. वाट सापडते ती ढगांच्या सावल्यांत, आणि पायथ्याशी नखाएवढा चोर्टेन (बौद्ध स्तूप) किंवा सफेद्यांची (पॉप्लर झाडांची) रांग ठेवून. ही शिकवणी दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून लडाखला जावं. लामायुरूची पिवळी, झिजलेली माती तर रंगाच्या पेटीतून उचलून ठेवल्यासारखी.

पण दुपारनंतर वारा सुटतो. ईझलला दगडांची पिशवी टांगली तरी कागद फडफडतो, म्हणजे कामाची वेळ सकाळचीच. तैलरंगवाल्यांनी लक्षात घ्यावं की टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही. ऑक्टोबरात सफेदे पिवळे होतात तेव्हा गेलात तर पहाटे भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय येते. आणि स्पॉट बदलायचा म्हणजे टॅक्सी. खर्चाचा सगळ्यांत मोठा आकडा तोच. एकाच गावात होमस्टे धरून पायी फिरणाऱ्याला लडाख परवडतं. पँगाँग, नुब्रा, सगळंच हवं असेल तर त्याला सहल म्हणावं.

आता माणदेश. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि म्हसवडला ५०० च्या आतबाहेर. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा हा उरलेला मुलूख: माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत. बेसाल्टच्या थरांच्या बसक्या टेकड्या, मुरमाड माळ, वाळलेलं कुसळ, बाभळी, पांढरी शुभ्र खिलार बैलं. काढायला फार काही नाही असं वाटतं, आणि तेच बरं असतं. टेकडीच्या एका आडव्या रेघेत सहा वेगवेगळे तपकिरी दिसायला डोळा बसावा लागतो.

दुपारची सोय मात्र इथे सगळ्यांत चांगली. देवळाचा सभामंडप, पाराभोवतीचा लिंब, उतरत्या पायऱ्यांची विहीर. मेंढरं दुपारी झाडाखाली एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, हलत नाहीत. फिगर स्केचिंगला यापेक्षा गुणी मॉडेल मिळणार नाही. आणि ऊन फारच झालं तर औंध गाठावं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय आहे. त्यात रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही. दुष्काळी माळावर असा ऐवज कच्छ-लडाखच्या वाटेवर भेटत नाही.

हवेची गंमत ज्यांना हवी त्यांनी जून-जुलैत यावं. ढग येतात, पाऊस न देता पुढे सरकतात, आणि त्यांच्या सावल्या माळावरून धावतात. एक सावली पकडेपर्यंत दुसरी येते. थंडीत आकाश स्थिर, हात सावकाश चालतो.

उणं काय? होमस्टेची पाटी कुठे दिसणार नाही. ओळखीच्या शिक्षकामार्फत किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या रिकाम्या खोलीत सोय लावावी लागते. भाषा आपलीच, त्यामुळे एकांत नाही. पाठीमागे पोरं उभी असतात आणि ‘आमची शेरडी बी काढा की’ ही फर्माईश ठरलेली. टेंभू, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून मधूनच ऊस आणि डाळिंबाचे हिरवे पट्टे लागतात. ओसाडी बघायला आलेल्या चित्रकाराचं यावर तोंड वाकडं झालं तर गावात बोलून दाखवू नये. आणि हेही खरं की ‘लडाख’ नावाने प्रदर्शनात चित्र चटकन विकलं जातं. ‘दहिवडीजवळचा माळ’ समजावून सांगावा लागतो.

कोरड्या हवेत वॉश तिन्हीकडे भराभर सुकतो. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पाटीवर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाका. छत्री पांढरी किंवा करडी घ्या, रंगीत छत्री कागदाला आपला रंग देते. थेट उन्हात बसून रंगवू नका. तिथे सगळं उजळ दिसतं म्हणून हात गडद भरत जातो आणि खोलीत आणल्यावर चित्र काजळलेलं निघतं.

पहिलाच महिना असेल तर मी बेधडक माणदेश सांगेन. खर्च कमी, जेवायला बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि नाहीच जमलं तर एसटीने घरी. वास्तू, माणसं, कलाकुसर यांत मन रमणाऱ्याने बन्नी-धोलावीरा धरावं, रण दोन दिवसांत उरकावं. लडाख त्याच्यासाठी, ज्याचा कोरड्या मुलखाच्या रंगांवर हात बसलाय आणि ज्याला अंतराचा प्रश्न सोडवायचाय.

माणदेश ठरलं तर म्हसवडच्या सिद्धनाथाची मार्गशीर्षातली यात्रा बघून तारखा काढा. गर्दी, बैलं, गुलाल रंगवायचा असेल तर त्याच आठवड्यात या. नसेल तर जानेवारीत, कारण यात्रेत गावात एक खोली रिकामी नसते.