जीमॅट: चंद्राची वाट आखायला उत्तम, पण मूळ सेटिंग्जवर भरवसा नको

चांद्रयान-३ सारखी मानवरहित मोहीम आपल्या संगणकावर, खऱ्या भौतिकीनिशी आखून पाहायची असेल, तर आज फुकट मिळणाऱ्या साधनांत जीमॅटला तोड नाही. पूर्ण नाव जनरल मिशन ॲनालिसिस टूल. नासाच्या गोडार्ड केंद्राने खासगी कंपन्यांच्या साथीने ते घडवलं आहे. अपाची २.० परवाना, सोर्स कोड उघडा, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. हे शिकण्यापुरतं खेळणं नव्हे. २०१८ मध्ये चंद्राजवळून साधारण ८,००० किलोमीटरवरून जाऊन आपल्या कक्षेत स्थिरावलेल्या टेस दुर्बिणीचा मार्ग आखण्यासाठी हेच वापरलं गेलं.

अडचण एकच, आणि ती पहिल्याच दिवशी भोवते. जीमॅटमधली प्रत्येक गोष्ट आधीपासून काहीतरी आकडे भरून येते आणि हे आकडे पृथ्वीजवळच्या उपग्रहासाठी आहेत. चंद्राला जाताना त्यातले बरेचसे चुकीचे ठरतात, तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. मुकाट्याने भलतं उत्तर देतं. म्हणून या परीक्षणात मेनू आणि बटणांपेक्षा त्या आकड्यांवर जास्त भर आहे.

सर्वांत आधी फोर्स मॉडेल, म्हणजे यानावर कोणकोणती बलं धरायची त्याची यादी. यानाचा मार्ग पुढे मोजत नेणाऱ्या मूळ प्रोपगेटरमध्ये फक्त पृथ्वीचं गुरुत्व आहे, तेही जेजीएम-२ या गुरुत्व-मॉडेलचं ४ बाय ४, म्हणजे ढोबळ (हे आकडे जितके मोठे, तितका तपशील बारीक). चंद्र आणि सूर्य त्यात नाहीतच. चित्रात चंद्र दिसतो, यान त्याच्या शेजारून जातं आणि मार्ग जराही वाकत नाही. ‘पॉइंट मासेस’मध्ये लूना आणि सन हाताने घालावे लागतात. लक्षात ठेवा, इथे चंद्राचं नाव सगळीकडे लूना आहे. चंद्राच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे साधारण ६६,००० किलोमीटरच्या आत शिरताना प्रोपगेटर बदलायलाच हवा, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. पृथ्वी, चंद्र, सूर्य तिघांचंही गुरुत्व एकदा मोजलं जात असेल, तर भौतिकी तीच राहते. चंद्रकेंद्री प्रोपगेटर लागतो तो चंद्राचं खडबडीत गुरुत्व मोजण्यासाठी. त्यासाठी लूनर प्रॉस्पेक्टरच्या मोजमापांवर बेतलेलं एलपी१६५पी मॉडेल सोबतच मिळतं.

आता खरा कस लागतो तो टार्गेटिंगमध्ये, म्हणजे यान हव्या त्या जागी पोचवणारे आकडे शोधण्यात. जीमॅटचा डिफरेन्शियल करेक्टर न्यूटन-रॅफसन पद्धतीने काम करतो: तुम्ही सांगितलेली राशी थोडी हलवायची, परिणाम किती हलला ते पाहायचं, मग उडी मारायची. ही राशी ‘व्हेरी’ या आज्ञेत सांगतात. ती आज्ञा उघडली की खिडकीत चार आकडे दिसतात: किमान ०, कमाल ३.१४१५९, जास्तीत जास्त पाऊल ०.५ आणि हलवण्याचं माप ०.०००१. वेगाचं एकक किलोमीटर प्रति सेकंद.

यातला एकेक आकडा चंद्राच्या हिशेबात तपासून पाहा. २०० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेतून चंद्राकडे निघायला सुमारे ३.१३ किलोमीटर प्रति सेकंद लागतात. म्हणजे कमाल मर्यादा जेमतेम १० मीटर प्रति सेकंद वर आहे. करेक्टर भिंतीला जाऊन टेकतो आणि तिथेच घुटमळतो. पाऊल ०.५ म्हणजे एका फेरीत सेकंदाला अर्ध्या किलोमीटरची उडी. पण चंद्रापर्यंत पोचवणारा वेग आणि पृथ्वीचा पाश कायमचा तोडणारा वेग यांतलं अंतर सेकंदाला शंभरेक मीटरच आहे, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत यान सूर्याभोवती भटकायला निघतं. पाऊल ०.०१ किंवा त्याहून कमी ठेवा. हलवण्याचं माप ०.०००१ म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद, ते दिसायला बारीक आहे. मात्र या टप्प्यावर वेगात १ मीटर प्रति सेकंद फरक पडला की ॲपोजी (कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) जवळजवळ ४,००० किलोमीटरने सरकतो, म्हणजे या मापाने ४०० किलोमीटर. ढोबळ फेरीला हे चालतं. शेवटच्या फेरीला ०.०००००१ पर्यंत खाली उतरा. किमान ० तर चंद्रापाशी पोचल्यावर घात करतं, कारण तिथे ब्रेक मारायचा असतो, म्हणजे आकडा ऋण हवा. शून्याच्या खाली जायची परवानगीच नसल्याने करेक्टर २५ फेऱ्या खाऊन हात वर करतो.

एका दमात पेरिल्यूनची (चंद्राला सर्वांत जवळच्या बिंदूची) उंची आणि कक्षेचा कल मागू नका, जमत नाही. आधी फक्त चंद्रापासूनचं अंतर कमी करा. मग बी-प्लेनवरचे (येणाऱ्या यानाच्या वाटेला आडवं धरलेलं, चंद्राच्या केंद्रातून जाणारं काल्पनिक प्रतल) दोन घटक, बी-डॉट-टी आणि बी-डॉट-आर, साधा. ते जुळले की शेवटी १०० किलोमीटर उंची आणि ९० अंश कल मागा. बदलायच्या राशी तीन: निघतानाचा वेग, पार्किंग कक्षेत (निघण्याआधीच्या, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत) थांबायचा वेळ आणि कक्षेचं प्रतल किंवा निघायची वेळ. पहिला अंदाज कागदावर काढा. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश सरकतो, म्हणजे पाच दिवसांच्या प्रवासाला तो साधारण ६५ अंश पुढे असेल तिथे नेम धरायचा. हा अंदाज बरा असेल तर करेक्टर बाकीचं भराभर करतो. नसेल तर कितीही वेळ चालू ठेवा, काही हाती लागत नाही.

आणखी एक सापळा थांबण्याच्या अटीत आहे. ‘लूना पेरिॲप्सिस’पर्यंत, म्हणजे चंद्राला सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंत, जा असं सांगितलं की यान पृथ्वीजवळच थांबतं. पार्किंग कक्षेत फिरताना चंद्रापासूनचं अंतर दर फेरीत कमी-जास्त होत असतं, आणि जीमॅटच्या लेखी ते प्रत्येक किमान अंतर म्हणजे पेरिॲप्सिसच. उपाय सोपा आहे: निघाल्यावर आधी तीन दिवस सरळ पुढे न्या, त्यानंतर ही अट लावा, आणि जोडीला दिवसांची मर्यादा टाका म्हणजे चंद्र चुकला तरी गणना अनंतकाळ चालत राहणार नाही.

चंद्राच्या कक्षेत शिरतानाच्या बर्नचा (इंजिन पेटवण्याचा) उगम, म्हणजे दिशा कोणाच्या सापेक्ष मोजायची ते, मुळात पृथ्वी असतो. तो लूना करा. नाहीतर ब्रेक पृथ्वीसापेक्ष वेगाच्या दिशेने लागतो. चंद्र स्वतः सेकंदाला एक किलोमीटरने धावतोय आणि पेरिल्यूनला यानाचा चंद्रसापेक्ष वेग साधारण २.४ किलोमीटर असतो. दोन्ही दिशांत २० अंशांहून जास्त फरक पडू शकतो आणि इंधन वाया जातं.

जीमॅटची खरी ताकद पाहायची तर चांद्रयान-३ ची नक्कल करून पाहा. १४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ ने ते सुमारे १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या कक्षेत सोडलं. तिथून पाच वेळा कक्षा उंचावत २५ जुलैला ती २३६ बाय १,२७,६०३ झाली, १ ऑगस्टला चंद्राकडे प्रयाण, ५ ऑगस्टला चंद्राच्या १६४ बाय १८,०७४ कक्षेत प्रवेश. इतके हेलपाटे का, हे इंपल्सिव्ह बर्नने कधीच कळत नाही, कारण त्यात वेग क्षणात बदलतो. ४४० न्यूटनचा थ्रस्टर आणि ३,९०० किलोचं यान घेऊन फायनाइट बर्न, म्हणजे ठरावीक वेळ चालणारं ज्वलन, लावा. सगळा वेग एका दमात द्यायचा तर इंजिन जवळजवळ दीड तास जळत राहतं. तेवढ्या वेळात यान पेरिजी (पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) सोडून खूप वर गेलेलं असतं आणि ढकलण्याचा फायदा घटत जातो. दर फेरीला पेरिजीच्या आसपास थोडं थोडं जाळलं की हे नुकसान टळतं. शेवटचा प्रयाणाचा बर्न अशा रीतीने वीसेक मिनिटांवर येतो. बर्न जितका वेळ चालणार त्याच्या निम्मा वेळ पेरिजीच्या आधी त्याची सुरुवात करायची, हेही इथेच पक्कं डोक्यात बसतं.

फायनाइट बर्नमध्येही मूळ आकडे जपून बघा. थ्रस्टर १० न्यूटनचा येतो, विशिष्ट आवेग (इंधनाच्या कार्यक्षमतेचं माप) ३०० सेकंद. ‘डिक्रिमेंट मास’ ही खूण बंद असते, म्हणजे इंजिन तासभर जळलं तरी टाकीतलं इंधन तसूभर कमी होत नाही. इंधनाचा हिशेब हवाहवासा वाटण्याइतका छान आला, तर आधी ही खूण तपासा.

वापरायला कसं आहे? डावीकडे रिसोर्सेस, मिशन आणि आउटपुट असे तीन टॅब. शिकताना खिडक्यांतून काम करा, आठवड्याभराने स्क्रिप्टवर या. दोन्हींत एकाच वेळी बदल केले की वर ‘अनसिंक्रोनाइज्ड’ दिसतं. ते दिसत असताना पुढे गेलात तर एका बाजूची मेहनत पुसली जाते. त्रिमितीय चित्र सुंदर आहे, पण करेक्टरच्या प्रत्येक फेरीला ते पुन्हा रेखाटलं जात असल्याने काम रेंगाळतं. चित्रातला ‘सॉल्व्हर इटरेशन्स’ पर्याय ‘नन’ करा, लगेच फरक जाणवतो. सोबतची मदतपुस्तिका इंग्रजीत आहे, पण नेटकी आहे. त्यातला मंगळाच्या बी-प्लेनचा धडा आधी करा. चंद्राचं टार्गेटिंग त्याच साच्यातलं आहे.

पर्याय? एसटीके ॲस्ट्रोगेटर आणि फ्रीफ्लायर अधिक सफाईदार आहेत, पण विकतचे. ओरेकिट फुकट आहे आणि भक्कमही, मात्र ती जावामधली लायब्ररी आहे, खिडक्या-बटणं काही नाहीत. ज्याला प्रोग्रामिंग रोजचं आहे त्याने ती घ्यावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला किंवा हौशी अभ्यासकाला जीमॅटच घ्यायला सांगू.

चंद्राभोवती १०० किलोमीटरवर पोचल्यावर काम संपलं असं समजू नका. चंद्राच्या पोटातल्या दाट वस्तुमानांमुळे खालच्या कक्षा टिकत नाहीत. अपोलो-१६ ने १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह ३५ दिवसांतच चंद्रावर आदळला. हे जीमॅटमध्ये पाहायचं तर एलपी१६५पी किमान ५० बाय ५० ठेवून तीस दिवस पुढे न्या आणि पेरिल्यूनच्या उंचीचा आलेख काढा. ४ बाय ४ वर तो आलेख फसवा निघतो. उतरण्याच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांच्या नियंत्रणासाठी मात्र हे साधन नाही. कक्षेतून खाली येण्याचा बर्न इथे आखा, त्या क्षणाची स्थिती आणि वेग रिपोर्ट फाइलमध्ये काढा आणि पुढचं पायथनमध्ये वेगळं लिहा.