नोटपॅड प्लस प्लस: रकाने सरळ करायचे तर हेच

मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी हिशेब बघतो. सौद्याची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्येच ठेवतो, कारण ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढायची असते. रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर एकाखाली एक आणायला पूर्वी ओळीओळीला स्पेस मारत बसायचो. दोनशे ओळी म्हणजे अख्खी दुपार जायची.

आता नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट लिहायच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट दाबून माउस उभा खाली ओढतो. सगळ्या ओळींत कर्सर एकदम उभा राहतो. एक स्पेस मारली की पुढचा सगळा मजकूर सरकतो. ओळी लहानमोठ्या असल्या तरी सगळ्यात लांब ओळीच्या पलीकडे ओढायचं, टाइप करायचं. मधली मोकळी जागा तो आपली आपण भरतो. आणि ऑल्ट-सी! ते दाबलं की ओळीओळीला नंबर घालायची खिडकी उघडते. तिथे सुरुवात १, वाढ १, पुढे शून्य असं भरलं, की पावती नंबर ००१ ते २०० तयार. मला तर हे फारच आवडलंय.

देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे नावांच्या पुढचे रकाने वाकडे होतात. म्हणून शेतकऱ्याचं नाव मी ओळीच्या शेवटी घेतो. फॉन्ट कुरिअर न्यू ठेवा, त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे सारख्या रुंदीचे असतात. नोटपॅड प्लस प्लस विंडोजवर चालतं, पैसे पडत नाहीत.