वेट पॅलेट: आठ महिने वापरल्यानंतर

वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी पाटी) घेतलं त्या दिवशी टेबलावर मी रंगवलेल्या सहा फिगर, म्हणजे बोटाएवढ्या छोट्या मूर्ती, उभ्या होत्या आणि सहातल्या एकालाही नाक नव्हतं. साच्यातून निघताना ते होतं, पण बाटलीतला रंग जसाच्या तसा, तोही तीन-तीन हात थापून मी ते बुजवून टाकलं होतं. २८ मिलिमीटरच्या फिगरचं डोकं जेमतेम चार मिलिमीटरचं असतं. त्यावर भिंतीसारखा रंग चढवला की चेहऱ्याची गोटी होते.

'रंग पातळ कर' हे सगळ्यांनीच सांगितलं होतं. केला की! पण चिनीमातीच्या बशीत पाणी घालून पातळ केलेला थेंब पाच-दहा मिनिटांत कडेने सुकायला लागतो, त्यावर साय धरते आणि तिचे कण ब्रशवरून थेट फिगरच्या गालावर जाऊन बसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगकण आणि प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा बनतो आणि मग वरून कितीही पाणी ओता, तो पुन्हा विरघळत नाही. जलरंगांची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

वेट पॅलेट म्हणजे झाकणाचा उथळ डबा, त्यात ओला स्पंज आणि स्पंजावर कागद, एवढंच. कागदातून पाणी हळूहळू वर येत राहतं, त्यामुळे वरचा रंग सुकत नाही. पहिल्या आठवड्यात मी स्पंजाला अक्षरशः अंघोळ घातली होती, तेव्हा रंग कागदावर डबक्यासारखा पसरायचा. आता स्पंज पूर्ण भिजला की जादाचं पाणी ओतून देतो. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घेतला तर कडा वर वळत नाहीत. सोबत आलेले कागद संपल्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर कापून वापरतोय, काही फरक जाणवला नाही. मेणकागद मात्र चालत नाही, त्यातून पाणीच वर येत नाही.

रंग आता दोन-तीन तास आरामात टिकतो, झाकण नीट लावलं तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंतही. खरा फायदा मला लाल झग्यावर कळला. लाल रंग झाकायला कच्चा. काळ्या प्रायमरवर (रंग धरावा म्हणून आधी दिलेल्या थरावर) थेट लावला तर चार हातांनंतरही मळकटच दिसतो. म्हणून आधी तपकिरी हात दिला. मग पॅलेटवर ओळीने पाच टिपके केले: तपकिरीकडे झुकलेल्या लालपासून शुद्ध लाल आणि पुढे किंचित नारिंगी घातलेल्या लालपर्यंत. (उजळ करायला पांढरा घातलात तर गुलाबी झगा मिळेल. मला मिळाला होता.) चुण्यांच्या खोलात गडद आणि उंचवट्यांवर उजळ लावत गेलो, आणि दोन छटांमधली रेघ खटकली तिथे मधल्या टिपक्यात पाणी वाढवून तिच्यावरून फिरवला. हे दोन संध्याकाळी चाललं आणि दुसऱ्या दिवशीही तीच छटा हाताशी होती. बशीत हे कधी जमलं नसतं, कारण तंतोतंत तेच मिश्रण दुसऱ्यांदा होत नाही.

रंग किती पातळ हवा याचं माप अंगठ्याच्या नखावर घेतो. ब्रश भरायचा, टिश्यूला एकदा टेकवायचा आणि नखावर रेघ ओढायची. खालचं नख थोडं दिसावं, पण रंग कडेच्या खाचेत वाहून जाऊ नये. टिश्यूची पायरी गाळली की पातळ रंग फिगरवर सुटतो आणि नको तिथे साचतो.

आता तक्रारी. सोनेरी-चंदेरी रंग यावर काढू नका. त्यातली चमचम पाण्याबरोबर सरकते आणि शेजारच्या रंगात शिरते. माझ्या एका भिक्षूच्या कफनीला आजही अंधुक झळाळी आहे. वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) मुळातच पाण्यासारखा असतो, त्याला जुनी बशीच बरी. आणि एकदा डबा बंद करून तीन आठवडे विसरलो, उघडला तर स्पंजावर काळे ठिपके आणि कुबट वास. तेव्हापासून काम संपलं की स्पंज धुऊन, पिळून वाळवतो. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

शिवाय सगळ्या दुखण्यांवर हे औषध नाही. स्प्रे प्रायमर फार लांबून मारला तर हवेतच सुकून फिगरवर रवाळ बसतो, मी २० ते ३० सेंटिमीटरच्या आत राहतो. डोळ्यांसाठी हौसेने घेतलेला तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रशही आता पडून आहे. त्याच्या टोकावर इतका कमी रंग मावतो की डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर तो सुकलेला असतो. टोक शाबूत असलेला एक नंबरचा ब्रश तेच काम निमूटपणे करतो.

घ्यावं का? आधी घरीच करून बघा. झाकणाचा डबा, घडी घातलेला टिश्यू आणि वर पार्चमेंट. मीही महिनाभर तसंच चालवलं. टिश्यू ठिकठिकाणी दबतो आणि कागदाला खळगे पडतात, पण रंग नक्की ओला राहतो. महिन्यानंतरही रोज डबा उघडावासा वाटला तर विकतचं घ्या, कारण त्याचं घट्ट झाकण आणि सपाट स्पंज यांचा फरक पडतो.

त्या सहांपैकी चौघांना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा रंगवलं. नाकं होती जागच्या जागी. उरलेले दोघे तसेच ठेवलेत. नवी छटा आधी त्यांच्या पाठीवर लावून बघतो.