स्व-सहनशीलता मोडणारी लस: साधा उंदीर घ्यावा की ट्रान्सजेनिक?

शरीर आपल्याच प्रथिनांविरुद्ध सहसा प्रतिपिंडं बनवत नाही; हीच स्व-सहनशीलता. पण तेच प्रथिन विषाणूसदृश कणावर (विषाणूच्या आवरणासारख्या, पण संसर्ग न करणाऱ्या) दाटीवाटीनं, ठरावीक अंतरानं बसवलं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या, पण गप्प बसलेल्या बी पेशीही जाग्या होतात. त्यासाठी क्यूबीटा या जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा कण घ्यावा (आवरण-प्रथिनाच्या 180 प्रती) की पॅपिलोमा विषाणूच्या एल1 या आवरण-प्रथिनाचा कण (360 प्रती), यावर बरीच चर्चा होते. माझ्या मते आधी उंदीर ठरवावा: साधा, की बाहेरचं जनुक घातलेला, म्हणजे ट्रान्सजेनिक.

लस उपयोगी पडेल का, हे पाहायचं असेल तर साधा उंदीर घ्या. त्याची सहनशीलता जन्मजात असते, कृत्रिमरीत्या बसवलेली नसते. 1999 मध्ये उंदराच्याच सीसीआर5 या पेशीपृष्ठावरच्या प्रथिनाचा तुकडा पॅपिलोमा कणावर बसवून चॅकेरियन, लोवी आणि शिलर यांनी उंदरात स्व-प्रतिपिंडं मिळवली, ती अशाच पद्धतीनं.

इथे एक जागा मात्र हमखास फसवते. माणसाच्या अमायलॉइड-बीटाची (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) पहिली सहा अमिनो आम्लं आणि उंदराची पहिली सहा यांत पाचव्या जागी फरक आहे: माणसात आर्जिनीन, उंदरात ग्लायसिन. माणसाचा तुकडा टोचला तर उंदराला तो थोडा परकाच वाटतो, आणि टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) कितीही चढलं तरी सहनशीलता मोडली असं म्हणता येत नाही. म्हणून क्रम अक्षर-अक्षर जुळवूनच पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) मागवा. शिवाय एलायझाच्या (प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटवर नुसतं पेप्टाइड नको, उंदराचं अख्खं प्रथिनही लावा. तुलनेसाठी एका गटाला रिकामा कण द्या, दुसऱ्याला न जोडलेलं पेप्टाइड आणि कण यांचं नुसतं मिश्रण.

बी पेशी नेमक्या कशा जाग्या होतात, हा प्रश्न असेल तर साधा उंदीर अपुरा पडतो. त्याच्यात त्या पेशी इतक्या विरळ असतात की आधी त्या खरंच निष्क्रिय होत्या की त्यांना प्रथिन भेटलंच नव्हतं, हे कळत नाही. तिथे लायसोझाइमचा दुहेरी ट्रान्सजेनिक उंदीर हवा: त्यात लायसोझाइम या प्रथिनाचं जनुकही घातलेलं असतं आणि ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचंही. 1988 मध्ये गुडनाउ यांच्या गटानं त्यात दाखवलं की स्व-प्रथिन ओळखणाऱ्या बी पेशी जिवंत राहतात, पण प्रतिसाद देत नाहीत. कणावरच्या मांडणीनं ही निष्क्रियता उलटते, हे 2008 मध्ये अशाच उंदरांवर दिसलं. पण या उंदराच्या बहुतेक बी पेशी एकाच साच्याच्या असतात, त्यामुळे लसीचा डोस त्यावरून ठरवू नका.

उंदीर कुठलाही असो, शेवटच्या डोसनंतर काही महिने रक्त काढत राहा. बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींची स्व-प्रथिनाबद्दलची सहनशीलता शाबूत असते; मदत येते ती कणाचं परकं प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशींकडून. त्यामुळे शरीरातलं प्रथिन एकट्यानं बूस्टर ठरत नाही आणि टायटर हळूहळू उतरतं.