वकील कधी गाठावा: नोटीस आल्यावर, की ताकीदपत्र देण्याआधी?

कामावरून काढलेल्या माणसाची नोटीस हातात पडली की मालक वकिलाच्या शोधाला लागतो. मग लेखी जबाब, साक्षीपुरावे, उलटतपासणी, तडजोडीची बोलणी हे सगळे ओघाने येते. दुसरा मार्ग महिन्याच्या ठरावीक फीवर सल्लागार नेमण्याचा. तो नेमणूकपत्रे आणि नियमावली तपासून देतो आणि कुणावर कारवाई करायची असेल तर पत्र जाण्याआधी वाचतो. खर्च एकाच बाजूला करता येणार असेल तर मी सल्ल्याच्या बाजूने आहे.

कारण खटला कागदावर चालतो, आणि ते कागद वाद पेटण्याच्या कितीतरी आधी लिहून झालेले असतात. ‘आपले वर्तन समाधानकारक नाही, सुधारणा करावी’ एवढेच ताकीदपत्र असेल, तर समोरचा वकील विचारतो, कोणते वर्तन? कधीचे? सुपरवायझरला उत्तर देता येत नाही आणि आपला वकील कितीही तयारीचा असला तरी त्याचेही हात बांधलेले राहतात. त्याच पत्रात तारीख, पाळी, नेमके काय घडले, कामगाराचे त्यावरचे म्हणणे आणि पोच घेतल्याची सही असती, तर प्रकरण बहुधा तडजोडीतच मिटले असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1982 चा 158 क्रमांकाचा करार सांगतो की वर्तन किंवा कामगिरीच्या कारणावरून काढण्याआधी माणसाला बाजू मांडायची संधी द्यायला हवी. सर्व देशांनी तो स्वीकारलेला नाही, तरी तो न स्वीकारणाऱ्या अनेक देशांतही हे तत्त्व पाळले जाते. त्याच वर्षीची 166 क्रमांकाची शिफारस आणखी पुढे जाते: जे गैरवर्तन पुन्हा घडले तरच बडतर्फी योग्य ठरते, तिथे आधी लेखी ताकीद हवी, आणि गैरवर्तन कळूनही मालक वाजवी मुदतीत हालला नाही, तर त्या कारणावरून काढण्याचा हक्क त्याने सोडला असे धरावे. ‘बघू पुढे’ म्हणत सहा महिने काढणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. संधी दिली नाही किंवा वेळ दवडला, तर नंतर आणलेला वकील ती उणीव भरून काढू शकत नाही.

पण दावा दाखल झाला असेल तर सल्लागाराच्या मागे वेळ घालवू नका. जबाबाची मुदत चालू झालेली असते. त्या दिवशी कामगार न्यायालयात रोज उभा राहणारा वकीलच हवा. आणि मागची तारीख टाकून कागद तयार करायचा मोह कृपा करून टाळा. तो उघडा पडला की खरे कागदही संशयाच्या घेऱ्यात येतात.

दोन्ही कामे एकाच माणसाला दिली तर त्याला तुमचा कारभार आतून माहीत असतो, ही मोठी सोय. मात्र खात्यातली चौकशी त्यानेच चालवली असेल तर उद्या त्याला साक्षीला बोलावले जाऊ शकते. तेव्हा चौकशी अधिकारी वेगळा ठेवा.

माणसे मोजकी असतील तर महिन्याची फी परवडत नाही. अशा वेळी सल्लागाराकडून नेमणूकपत्र आणि ताकीदपत्राचे नमुने एकदा करून घ्या आणि बडतर्फीआधी तेवढ्यापुरता सल्ला घ्या. पाळ्या, ठेकेदार, दोन-तीन ठिकाणी काम असेल तर फी वसूल होते, पण सल्लागार सुपरवायझरांबरोबर बसत असेल तरच. नेमण्याआधी तुमचे शेवटचे ताकीदपत्र त्याच्यापुढे ठेवा आणि तो कुठे पेन टेकवतो ते पाहा.