जुना ड्रेसर: हातचा सांधा की मशीनचा?

जुन्या लाकडी ड्रेसरचं वय समोरून ओळखायला जाऊ नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि कोपरा पाहा. तिथे दोन फळ्या पंख्यासारख्या दात्यांनी एकमेकींत अडकवलेल्या दिसतील; हा डोव्हटेल सांधा. हातानं कापलेल्या डोव्हटेलचे दाते मोजके, किंचित लहानमोठे. शेजारी सुतारानं आखलेली बारीक रेघही बऱ्याचदा दिसते. मशीनचे दाते एका मापाचे, 19व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेले. मूळचा फिलिप्स स्क्रू (डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला) असेल तर ड्रेसर 1930च्या दशकाआधीचा नाही (स्क्रू मागाहून बदललेला नाही ना, एवढं पाहा).

किमतीत हातकामाला सहसा झुकतं माप. तरी मूळ पॉलिश आणि हँडल शाबूत असलेला मशीनचा ड्रेसर मी रंधा मारून नवा केलेल्या हातकामाआधी उचलेन. खणाच्या आतून बुजवलेली भोकं दिसली, तर हँडल बदललेली आहेत. भाव तिथेच पाडून मागा.